दुकानातला निरोप दुकानातच हरवतो

मोठ्या कारखान्यात मालक वरच्या मजल्यावर बसतो आणि कामगार खाली राबतो. मधे मॅनेजर, सुपरवायझर, मुकादम अशी उतरंड असते. तेथे निरोप खाली पोचवायला फलक लागतो, परिपत्रक लागते, बैठक लागते. आपले दुकान पंधरा-वीस फुटांचे. गल्ल्यावरून हाक मारली की शेवटच्या मांडणीपाशी उभा असलेला मुलगा 'ओ' देतो. तेव्हा आपल्या धंद्यात निरोपाची वेगळी व्यवस्था कशाला हवी, अशी बहुतेक व्यापारी बांधवांची समजूत असते. आमचीही होती. या समजुतीपायी २०२१ साली आमच्या एका वृद्ध कारागिराची ईद कोरडी गेली. तो प्रकार येथे सांगणे आम्हांस सुखाचे नाही. तरी सांगतो, कारण थोड्याफार फरकाने असे अनेकांच्या दुकानांत घडत असणार.

धाराशिव येथे आमच्या वडिलांनी सुरू केलेले कापडाचे दुकान आम्ही चालवतो. पुढे कापड व तयार कपडे, मागे शिलाईकाम. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. मरहूम वालिदसाहेब हिशेब उर्दूत लिहीत. आम्ही तीच चाल पुढे नेली. वालिदसाहेबांच्या लहानपणी येथे निजामाचे राज्य होते. कचेरीचे कामकाज उर्दूत चाले आणि बाजारात उर्दू वाचणारे हिंदू व्यापारीही होते. १९४८ नंतर ते चित्र पालटत गेले, पण आमच्या वहीने त्याची दखल घेतली नाही. विक्रीकर आणि पुढे जीएसटीचे कागद दिवाणजी मराठीत व इंग्रजीत ठेवीत. मात्र गिऱ्हाइकांची उधारी आणि कारागिरांची मजुरी ही दोन खाती आमच्या उर्दू वहीत आणि त्याहून अधिक आमच्या डोक्यात असत.

२०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाची दुसरी लाट आली. दुकाने बंद होती. १४ एप्रिलला रमजान सुरू झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही दवाखान्यात दाखल झालो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलण्याची सोय नाही. मुलगा दवाखान्याच्या दाराशी बसून. ईद जवळ आली तेव्हा कारागिरांची थकलेली मजुरी देऊन टाकावी, असा विचार दिवाणजींनी आपण होऊन केला. माणूस सचोटीचा, आमच्याकडे वीस वर्षांहून जुना. त्यांना उर्दू येत नाही, पण रोज वही पाहून कारागिरांच्या नावांची वळणे ते ओळखू लागले होते. आकडे तर आकडेच, असे त्यांना वाटले.

येथेच घोटाळा झाला. उर्दूतला ९ दिसायला मराठी १ सारखा असतो. उर्दूतला ५ गोल असतो, घाईत लिहिला तर मराठी शून्यच. आणि उर्दूतले शून्य म्हणजे नुसते टिंब, जे शाईचा ठिपका समजून कोणीही सोडून देईल. आमच्या एका जुन्या शिलाई कारागिराच्या नावापुढे आम्ही २,९५० लिहिले होते. दिवाणजींनी ते २१० वाचले आणि पाकिटात २१० रुपये घालून त्यांच्या घरी पाठवून दिले.

कारागीर साठी ओलांडलेले. आपले किती येणे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. पण ते काही बोलले नाहीत. बकरी ईदच्या आधी, जुलैत, आम्ही वही उघडून बसलो तेव्हा उलगडा झाला. आम्ही विचारले, 'चाचा, तुम्ही दिवाणजींना सांगितले का नाही?' ते म्हणाले, 'तुम दवाखाने में थे, मैं पैसे का कैसे बोलता?' त्या ईदला त्यांच्या नातवंडांना कपडे झाले नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांचे ईदचे कपडे शिवणारा माणूस!

यात दोष कोणाचा? दिवाणजींचा म्हणता येत नाही, त्यांनी भलेच करायला घेतले होते. कारागिराचाही नाही. दोष आमचा, आणि तो दुहेरी. जे दुकानाचे होते ते आम्ही अशा लिपीत ठेवले की दुकानातल्या दुसऱ्या कोणास वाचता येऊ नये. आणि इतक्या वर्षांत कारागिराला एवढे सांगण्याची सवय लावली नाही की, 'हे चुकले आहे.'

कागद असून वाचणारा नसणे ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासायला घेतल्या तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांनाच कळली. सरकारचे दप्तर एखाद-दुसरे शतक थांबू शकते. दुकानाचे दप्तर मालक आजारी पडला की दुसऱ्याच दिवशी अडते.

आम्ही उर्दू सोडलेली नाही. उस्तादांनी पाटीवर घोटून घेतलेले अक्षर आहे, हात त्याच वळणाने जातो. स्वतःची टिपणे आजही उर्दूतच होतात. पण उधारी आणि मजुरीची वही आता मराठीत असते. आकडे मराठी, आणि आकड्यापुढे रक्कम अक्षरात. प्रत्येक कारागिराला एक छोटी डायरी दिली आहे. काम दिले की दोन्हीकडे नोंद, पैसे दिले की दोन्हीकडे नोंद.

या नोंदीची रीत ठरवताना आम्हांस सूरह अल्-बकराची २८२ वी आयत नव्याने कळली. मुदतीचा उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, हा तिचा हुकूम आपण सगळे जाणतो. पण मजकूर कोणी सांगावा? ज्याचे येणे आहे त्याने नव्हे, ज्याच्यावर देणे आहे त्याने. म्हणजे ज्याच्या खांद्यावर बोजा आहे त्याच्या तोंडून तो वदवून घ्यायचा. आमच्या अल्पमतीप्रमाणे यात कामाचा निरोप देण्याची मोठी युक्ती आहे. काम सांगणारा मालक. पण ते करायचे आहे ते कारागिराने. तेव्हा काय ठरले ते कारागिराने उलट सांगावे: किती नग, कोणते माप, कोणता दिवस. मजुरी मात्र आम्ही द्यायची, म्हणून मजुरीचा आकडा आम्ही मोठ्याने म्हणावा आणि त्याने ऐकावा. 'समजले का?' या प्रश्नाला कोणताही नोकर 'हो' असेच म्हणतो. 'काय समजले ते सांग' म्हटले की खरे कळते. त्याच आयतीत हातोहात रोखीच्या व्यवहाराला लिहिण्यातून मोकळीक आहे, हेही लक्षात ठेवावे. सगळेच लिहायला बसलो तर गिऱ्हाईक उठून जाईल.

उलट सांगण्याची गरज आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे, कारण आपल्या दुकानात भाषांची खिचडी असते. आम्ही घरी दखनी बोलतो, दिवाणजी मराठी, उमरग्याकडचा सेल्समन कानडी मिसळून बोलतो आणि सुरतचा व्यापारी फोनवर हिंदी. आम्ही म्हणालो, 'कल का माल अलग रखो.' आमच्या मनात उद्या येणारा माल. मराठी मुलाला 'काल' ऐकू आले, त्याने काल आलेले तागे बाजूला काढले. मराठी तरी काय कमी आहे? 'परवा' म्हणजे होऊन गेलेला की यायचा, हे सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे. आम्ही आता वार आणि तारीख सांगतो. सोलापूरला माल सांगताना पूर्वी रंग आणि मीटर एवढेच सांगत असू. आता पन्हा ३६ इंच की ५८ इंच हे आधी. पन्हा चुकला तर कटिंग मास्तरचा सगळा हिशेब कोलमडतो.

ज्यांना कोणतीच लिपी वाचता येत नाही त्यांचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर मुंबईच्या डबेवाल्यांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या कामात पुणे जिल्ह्याच्या मावळ, खेड, जुन्नर भागातली, बरीचशी अल्पशिक्षित माणसे आली. करोनापूर्वी सुमारे ५ हजार डबेवाले रोज सुमारे २ लाख डबे पोचवीत. एक डबा वाटेत तीन-चार हातांतून जातो. त्या हातांत बोलाचाली होत नाही, वेळही नसतो. डब्याच्या झाकणावर रंग, अक्षर आणि आकडा असतो. त्यावरून कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर न्यायचा हे कळते. चिन्ह थोडके आणि ते सगळ्यांना पाठ. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली या व्यवस्थेवर अभ्यास तयार केला. आम्ही डबेवाल्यांचेच अनुकरण केले. शिवायच्या कापडाला बिलाच्या नंबराची चिठ्ठी असतेच; तिला आता दोरा बांधतो. लाल म्हणजे लग्नाचे किंवा तातडीचे, पिवळा म्हणजे माप पुन्हा विचारायचे आहे, हात लावू नये. काज-बटण आणि फॉल-पिको घरी बसून करणाऱ्या भगिनींना हा दोरा फार सोयीचा झाला. त्यांचा निरोप पूर्वी लहान मुलाच्या किंवा घरधन्याच्या तोंडून जाई, निम्मा वाटेत गळे, आणि उशिराचा ठपका मात्र त्यांच्यावर येई. नग त्यांच्यासमोर मोजून देणे हेही तेव्हापासून सुरू केले.

आतापर्यंत वरून खाली जाणाऱ्या निरोपाचे झाले. त्याहून कठीण खालून वर येणारा, विशेषतः वाईट बातमीचा.

एका जूनमध्ये शाळेच्या गणवेशाचे काम होते. एकाच रंगाचे कापड दोन लॉटमधून आले आणि दोन्हींच्या शेडमध्ये किंचित फरक होता. आमच्या सेल्समनला तो तागा उलगडतानाच दिसला होता. पण आदल्या दिवशी आम्ही त्याला गिऱ्हाइकांसमोर दुसऱ्याच कारणावरून फार टाकून बोललो होतो. तो गप्प राहिला. मास्तरने दोन्ही तागे एकावर एक टाकून कापले. एकाच शर्टाची बाही एका शेडची आणि पाठ दुसऱ्या शेडची! ते कपडे आम्हांस परत घ्यावे लागले. पुष्कळ दिवसांनी त्या मुलाने कबूल केले की त्याने पाहिले होते. आम्हांला राग यायला हवा होता. आला नाही, शरम वाटली.

आपल्यापैकी अनेकांनी सोलापूरला पॉवरलूम पाहिले असतील. साध्या मागावरसुद्धा आडवा धागा तुटला की माग थांबवणारा काटा असतो. जपानमध्ये साकिची टोयोडा या गृहस्थांनी यापुढे मजल मारली. त्यांच्या कंपनीने १९२४ साली जो स्वयंचलित माग काढला त्यात उभा धागा तुटला तरी माग आपण होऊन थांबे. त्या मागाचे पेटंट हक्क १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. पुढे त्याच घराण्याने टोयोटा मोटारीचा कारखाना काढला आणि मागाचा तोच नियम माणसांना लावला: चूक दिसली की कोणत्याही कामगाराने दोरी ओढावी, काम थांबवावे. दोरी ओढणाऱ्याला बोलणी खावी लागली तर पुन्हा कोणी ती ओढणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. आम्ही दुकानात एवढेच ठरवले की कात्री चालण्याआधी जो चूक सांगेल त्याला त्या चुकीबद्दल, ती त्याची स्वतःची असली तरी, बोलायचे नाही. आणि ज्याला बोलायचे त्याला गिऱ्हाइकासमोर बोलायचे नाही. पहिला भाग जमतो. दुसरा आमच्या स्वभावामुळे अजून पुरता जमत नाही.

आता अलीकडचा एक आठवडा सांगतो. २२ सप्टेंबर २०२५, सोमवार. त्या दिवशी घटस्थापना होती. तुळजापूरच्या नवरात्राची गर्दी म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या बाजाराचा हंगाम. त्याच दिवसापासून तयार कपड्यांवरचा जीएसटी बदलला. पूर्वी एक हजार रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्यावरच्या नगावर १२ टक्के होता. आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यावर १८. ताग्याच्या कापडावर पूर्वीप्रमाणे ५ टक्केच. मुलाने संगणकात नवे दर भरले, दिवाणजींना सांगितले. काउंटरवरच्या मुलांना सांगायचे राहिले. त्यांनी बाहेर ऐकले होते की कपड्यांवरचा कर कमी झाला. त्यांनी तीन हजारांच्या वरची शेरवानी बघणाऱ्या गिऱ्हाइकालाही 'स्वस्त झाली' म्हणून सांगितले. बिल झाले ते जास्त. लग्नघरची मंडळी, दहा जणांसमोर वाद. शेवटी वाढीव रक्कम आम्ही सोसली. दोन वाक्यांचा निरोप होता.

त्याच सुमारास परंडा, भूम भागात अतिवृष्टी झाली, नद्यांना पूर आले, शेतातली माती वाहून गेली. त्या गावांतली उधारी दिवाळी होईपर्यंत मागायची नाही, असे आम्ही आणि मुलाने रात्री जेवताना ठरवले. ठरवले आणि झोपलो. वसुलीला जाणारा मुलगा आपल्या नेमाप्रमाणे महिनाअखेरीस फेरीवर गेला आणि चिखल उपसत उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यापुढे त्याने वही उघडली. तो भला माणूस काही बोलला नाही. त्याच्या शेजाऱ्याने आम्हांला फोन करून जे सुनावले ते आम्ही निमूट ऐकून घेतले. अडचणीतल्या ऋणकोला सवड द्यावी, हे त्याच सूरहच्या २८० व्या आयतीत आहे आणि आम्हांला ठाऊकही होते. पण आमची नियत चांगली होती हे वसुलीच्या मुलाला कसे कळावे? आम्ही दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन आलो.

तेव्हापासून सकाळी शटर उघडण्याआधी सगळे पाच-दहा मिनिटे उभ्यानेच बोलतो. भावात काय बदल, कोणता माल यायचा, कोणाचे काम कोणत्या दिवशी द्यायचे, कोणाकडे मागायचे नाही. सुरुवात आम्ही करीत नाही. सर्वांत लहान मुलाला पहिले बोलायला लावतो, कारण मालक बोलून गेल्यावर बाकीचे माना डोलावण्यापलीकडे काही करीत नाहीत. वसुलीच्या वहीत ज्या नावापुढे थांबायचे तेथे त्याच वेळी खूण होते.

कोणी म्हणेल, आता मोबाईल आहे, व्हॉट्सअॅपवर ग्रुप करा, संपले. आमचाही ग्रुप आहे. ताग्याचा फोटो, बिल्टीचा फोटो पाठवायला तो उत्तम. पण बोलून पाठवलेला निरोप पुढे शोधता येत नाही. महिन्याने वाद झाला की चाळीस निरोप ऐकत बसावे लागते. म्हणून नग, माप, भाव, तारीख ही टाइप करूनच पाठवायची. आणि एक गोष्ट आम्ही सक्त बंद केली. एकदा मुलाने उधारीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. त्यावर एका प्रतिष्ठित घराचे नाव होते. तो फोटो कोठून कोठे गेला कोण जाणे, आठ दिवसांत त्या घरची बाई आमच्या दुकानासमोरून तोंड फिरवून जाऊ लागली. गिऱ्हाइकाची उधारी ही आपल्याकडे अमानत असते. सगळ्यांना सगळे सांगणे म्हणजे चांगला निरोप नव्हे. खरेदीचा भाव चिठ्ठीवर गुप्त अक्षरांत घालण्याची आपल्या धंद्याची जुनी चाल आम्ही ठेवली आहे. फक्त ती अक्षरे आता मराठी आहेत आणि विक्रीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहेत. नाहीतर एकाच गावच्या दोघी जणी एकाच ताग्याचे दोन भाव घेऊन घरी जातात, आणि गावात गेल्यावर ते कळल्याशिवाय राहत नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळचे हे बोलणे होत नाही. गिऱ्हाईक शटर उघडण्याआधीच पायरीवर बसलेले असते. त्या दिवशी दिवाणजी दोन-तीन ओळी पाठकोऱ्या कागदावर लिहून गल्ल्याच्या बाजूला चिकटवतात आणि ज्याने वाचले तो आपल्या नावाची खूण करतो. दुपारपर्यंत एखादी खूण कमी असते. मग त्याला हाक मारायची.